कल्याणीच्या दुकानाचा चोरीचा विमा

कल्याणी ओव्हाळ बुधवार पेठेत संगणक दुरुस्त करायची. रोज सकाळी दापोडीहून बसने यायची आणि अरुंद जिना चढून पहिल्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं दुकान उघडायची. वडील रतन ओव्हाळ खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झाले, तेव्हा फंडातले पैसे त्यांनी दुकानासाठी तिच्या हातात ठेवले. "पोरीच्या लग्नाला काय ठेवलंत?" असं नातेवाइकांनी विचारलं, तर म्हणाले, "पोरीलाच ठेवलंय की उभं करून."

२००१च्या अनंत चतुर्दशीला सगळी पेठ बंद होती. भर दुपारी, ढोलताशांच्या दणदणाटात, कोणीतरी मागच्या बोळातून वर चढलं आणि खिडकीच्या कुजक्या चौकटीतले गज उपसून दुकानात शिरलं. सात मॉनिटर गेले, रॅमचा डबा गेला, आणि दुरुस्तीला आलेले चार संगणकही गेले. दुकानाचा विमा होता. पण तो तिच्या मालाचा, गिऱ्हाइकांच्या मशिनींचा नाही, हे तिला त्या दिवशी कळलं. एका मुलीचा कॉलेजचा सगळा प्रोजेक्ट चोरीला गेलेल्या मशिनीत होता. ती काउंटरपाशी उभी राहून रडली. कल्याणीनं चौघांनाही नवे संगणक दिले, पण प्रोजेक्ट काही परत देता आला नाही.

काही महिन्यांनी एक चांगली संधी चालून आली. हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीतल्या विश्वजीतनं वर्षभराचं दुरुस्तीचं काम देऊ केलं. अट एकच होती. "मॅडम, आमच्या मशिन्स तुमच्याकडे राहणार. त्यांचा थेफ्ट इन्शुरन्स मस्ट आहे." नेमकं त्याच आठवड्यात विमा कंपनीचं नूतनीकरणाचं पत्र आलं. हप्ता दुप्पट केला होता आणि चोरी वगळली होती.

ती तडक विमा कंपनीच्या कचेरीत गेली. तपासणी अधिकारी महिपती रासकर फाइलीत डोकं घालून बसले होते.

"अहो, चोरी माझ्याकडे झाली. चोर मी नव्हते. मग दंड मला का?"

"दंड नाही हा. दुकान आहे तसंच राहिलं तर पुन्हा फुटेल, असा आमचा अंदाज आहे. आमचा अंदाज बदलायचा असेल, तर आधी आपलं दुकान बदला."

चिडून ती म्हणाली, "मग येऊन दाखवा, काय बदलू ते."

रासकर खरंच आले. त्यांनी मागच्या खिडकीचा पुन्हा बसवलेला गज दोन बोटांनी हलवला. दारावरचं कुलूप हातात घेऊन म्हणाले, "हे चोरासाठी नाही, मनाच्या समाधानासाठी आहे." मग कागदावर लिहून दिलं: खिडकीला भिंतीत पक्की बसवलेली जाळी, दाराला लोखंडी शटर आणि धोक्याची घंटा. "नुसती वाजणारी नको. विसर्जनाच्या दिवशी इथं तोफ उडाली तरी ऐकू जायची नाही. आपोआप घरी फोन लावणारी घ्या." शेवटी होतं जिन्याला फाटक आणि इमारतीला पहारेकरी.

जाळी, शटर आणि घंटा तिनं महिन्याभरात बसवली. फाटक आणि पहारेकरी मात्र एकटीच्या हातात नव्हते. मजल्यावरचे बाकी दुकानदार राजी झाले, पण समोरचे पुस्तकविक्रेते जयसिंगराव अडून बसले.

"पुस्तकं चोरायला कोण येतंय? फुकट द्यायला काढली तरी कोणी नेत नाही."

"आपलाही विमा असेल ना? एकदा तिकडे विचारून तर बघा."

दोन दिवसांनी जयसिंगराव स्वतःहून तिच्या दारात आले. त्यांच्या विमा कंपनीनं सांगितलं होतं, फाटक आणि पहारेकरी असेल तर त्यांचाही हप्ता उतरेल. "तुमच्यासाठी करत नाहीये," असं बजावून त्यांनीच फाटकवाला आणला आणि त्याच्याशी तासभर घासाघीसही केली. पहारेकऱ्याचा पगार सगळ्यांनी वाटून घेतला.

रासकर पुन्हा तपासणीला आले. घंटा चालू ठेवायला सांगून त्यांनी मागची खिडकी उघडली. दापोडीत फोन वाजला आणि पुढच्याच मिनिटाला दुकानातला फोन खणखणला. रासकरांनी उचलला.

"कोण आहे आत?" रतनरावांनी दरडावलं.

"विमा कंपनी."

"अस्सं? बसा तिथंच. पोलिसांना पाठवतोय."

कल्याणीनं घाईघाईनं फोन ओढून घेतला आणि वडिलांना समजावलं. रासकर हसत नव्हते, पण कागदावर बरोबरची खूण करताना त्यांची मिशी हलत होती.

पंधरा दिवसांनी नवी पॉलिसी आली. चोरी धरलेली होती. दुरुस्तीला आलेल्या मशिनीही धरल्या होत्या. हप्ता दुप्पट नव्हता, गेल्या वर्षीपेक्षा थोडाच जास्त होता. तिनं ते पान तीनदा वाचलं, मग खाली बसून ग्लासभर पाणी प्यायली. छातीवरचं ओझं कुणीतरी उचलून बाजूला ठेवावं, तसं तिला वाटलं. मग तिनं विश्वजीतला फोन लावला आणि पॉलिसी आल्याचं सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "ग्रेट. मंडेला टेम्पो पाठवतो."

चोरी झाल्यापासून ती रविवारीही दुकानाला एक चक्कर मारून यायची. त्या रविवारी ती घरीच राहिली. आईच्या हातची मटणाची आमटी पोटभर जेवली आणि दुपारी आडवी झाली, ती थेट संध्याकाळच्या चहालाच उठली.