यादीत नसलेलं नाव

रॅप कुठं शिकलास, असं मुलाखत घेणारे विचारतात तेव्हा त्यांना अमेरिकेतलं एखादं नाव ऐकायचं असतं. मी सांगतो, तलवाड्याला, बहिणीच्या लग्नात. ते हसतात. हसू देत बापडे, त्यांनी आमच्याकडची लग्नं पाहिलेली नाहीत.

आमच्या बीड जिल्ह्यात मंगलाष्टकांच्या आधी माइकवरून पुढाऱ्यांची नावं घेतात. आजी, माजी, भावी, सगळ्यांची, पदासकट. नाव आलं की माणूस खुर्चीतून अर्धवट उठतो, चारी दिशांना हात जोडतो आणि मगच टेकतो. एखादं नाव गळालं तर तो न जेवता निघून जातो आणि पुढची पाच वर्षं तेच उगाळत बसतो.

आम्ही मेंढरं राखणारी माणसं, आमच्या मांडवात एरवी कोण येणार? पण निवडणूक तोंडावर होती, त्यामुळे उमापूरपासून गेवराईपर्यंतचे सगळे पुढारी हजर. नावं पुकारणाऱ्या गुरुजींचा घसा ऐन लग्नसराईत बसलेला. मुहूर्ताला चार मिनिटं राहिली आणि वडिलांनी यादी माझ्या हातात कोंबली. "येक बी गाळू नको," एवढंच म्हणाले.

मी श्वास घेतला आणि सुटलो. नावाला नाव, पदाला पद जुळवत गेलो. हलगीवाल्याला काय सुचलं कोण जाणे, त्यानं ठेका धरला. एक जण उठायच्या आत पुढच्याचं नाव येई, त्यामुळे मांडवभर पुढारी अर्धे उठलेले, अर्धे बसलेले. पोरांनी शिट्ट्या मारल्या. नवरीसुद्धा हसली. मुहूर्त साधला.

कुणीतरी काढलेला तो व्हिडिओ मोबाइलवरून जिल्हाभर फिरला. आठवड्यात पुण्याहून एका स्टुडिओवाल्याचा फोन आला. मी हवेत होतो. आईही तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावायची. मला वाटलं, लेकाचं कौतुक. मग एकदा भाकरी थापता थापता तिनं विचारलं, "एवढ्या मान्सांची नावं घेतली. माझं कावून न्हाई घेतलं?"

तू काय पुढारी आहेस का, असं म्हणून मी हसलो. तिनं भाकरी उलटली.

पुढं गाणी चालली. लई चालली. दुबईपर्यंत जाऊन आलो. ह्याला श्वासच लागत नाही, असं लोक म्हणायला लागले. आई मात्र प्रत्येक नवं गाणं शेवटपर्यंत ऐकायची आणि फोनवर एकच विचारायची, "हाय का त्यात?" नसायचं. तुझं नाव लांबलचक आहे, बीटवर बसत नाही, असं मी सांगायचो. ती चक्क थाप होती. नाव जुन्या वळणाचं, पुण्यातले दोस्त हसतील म्हणून मला लाज वाटायची. आज त्या लाजेचीच लाज वाटते.

गेल्या वर्षी गेवराईत कार्यक्रम होता. आई पहिल्या रांगेत, नव्या लुगड्यात, सोबत गल्लीतल्या सगळ्या बायका. नव्या गाण्यात मी तिचं नाव घातलं होतं आणि तिला तसं सांगूनही ठेवलं होतं. ती ओळ आली, मी ती माझ्या ठरलेल्या वेगात फेकली, मैदान दणाणलं. आणि स्टेजवरून मला दिसलं, आई शेजारणीकडे वळून विचारत होती, "आलं का?" शेजारीण मान हलवत होती, तिलाही काही कळलं नव्हतं.

मी हात वर करून बीट थांबवला. पोरांना वाटलं, माइक बिघडला. मग गुरुजी घ्यायचे तसं मी आईचं नाव घेतलं. सावकाश, एकेक अक्षर सुटं करून, आणि पदासकट: मेंढरं राखणाऱ्या, दोन लेकरांच्या माय.

आई खुर्चीतून अर्धवट उठली. पदर सारखा केला, चारी दिशांना हात जोडले आणि मगच टेकली. टाळ्या थांबेनात. मी पुढच्या ओळीसाठी माइक तोंडाशी नेला.

तेवढ्यात शेजारीण उठली आणि तिनं खालूनच आपलं नाव ओरडून सांगितलं. मग तिच्या पलीकडची उठली. कार्यक्रम चांगला अर्धा तास लांबला, पण मी एकही गाळलं नाही.