माझ्या नावावरचा नंबर

माझा जीएसटी नंबर रद्द झालाय, हे मला कळलं ते उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधल्या कापडाच्या दुकानात.

मी आणि माझी मोठी जाऊ बदलापूरला घराखालच्या गाळ्यात कारखान्यांचे गणवेश शिवतो. बॉयलर सूट, ॲप्रन, टोप्या. सहा मशीन, आम्ही दोघी आणि गावातल्या चार बाया. कापड उल्हासनगरातून आणायचं, तयार माल अंबरनाथला आनंदनगर एमआयडीसीत पोचवायचा. त्या दिवशी निळ्या ड्रिल कापडाचे तागे काढून ठेवले, आणि सिंधी शेठ बिल करता करता थांबले. जुनं गिऱ्हाईक म्हणून त्यांनी आवाज खाली आणला.

"दीदी, आपका नंबर तो कॅन्सल दिखा रहा है."

मला वाटलं, कॉम्प्युटरची चूक असेल. नंबर काढून देणारा एजंट आमच्या बाजारात टेबल टाकून बसायचा. दर महिन्याला मी त्याच्याकडे बिलांच्या झेरॉक्सची पिशवी द्यायची आणि तो "झालं ताई" म्हणायचा. फोन लावला तर बंद. जाऊन बघितलं तर टेबलच नाही. शेजारचा झेरॉक्सवाला म्हणाला, "तो गावाला गेला. आता येत नाही."

नेमकी तेव्हाच आजवरची सगळ्यात मोठी ऑर्डर हातात होती. निम्मा माल बेतून झालेला, आणि चालू नंबराशिवाय कारखाना बिल घेणार नाही. घरी येऊन मी कापडाच्या ढिगावरच बसले आणि रडले. जाऊ म्हणाली, "रडतेस कशाला गो? मशीन आपली, हात आपले. कागदाचं जाणणारं माणूस शोध."

शेठनी कॅम्प चारमधल्या एका सीएचा पत्ता दिला. त्यांनी दोन मिनिटं स्क्रीन बघितली. "कित्येक महिने रिटर्नच भरलेली नाहीत. हा नंबर सोडून द्या. मिस्टरांच्या नावावर नवा काढू." कामाचा माणूस होता, सोपा रस्ता सांगत होता. पण मला ते लागलं. आमच्या घरात लाइटबिलापासून सातबाऱ्यापर्यंत कशावरच माझं नाव नाही. या एका नंबरावर होतं. "विचारून सांगते," म्हणून मी उठले.

मग कारखान्याच्या खरेदीच्या साहेबांना खरं काय ते सांगून टाकलं. वाटलं, ऑर्डर जाणार. साहेबांनी समोरचं कॅलेंडर बघितलं. "माल पुढच्या महिनाअखेरीला हवाय. तोवर बघा. आमच्या सोसायटीत एका मुलीनं नुकताच सीएचा बोर्ड लावलाय. तिला भेटा."

अंबरनाथ पूर्वेला पहिल्या मजल्यावर, राहत्या घराच्याच पुढच्या खोलीत तिचं ऑफिस. वय असेल सत्तावीस-अठ्ठावीस. माझं सगळं ऐकून तिनं विचारलं, "ताई, जीएसटी पोर्टलचा पासवर्ड कुणाकडे आहे?"

पासवर्ड असतो हेच मला माहीत नव्हतं. ईमेल एजंटचा, मोबाइल नंबर एजंटचा. सगळ्या नोटिसा त्यालाच जात होत्या. मी मान खाली घातली.

"तुमची चूक एवढीच, की विश्वास ठेवलात," ती म्हणाली. "आधी किल्ली परत घेऊ. मग एकेक रिटर्न भरू, मग नंबर चालू करायचा अर्ज. वेळ लागेल, पण मुदतीत आहात."

दोन दुपारी आम्ही तिच्या फरशीवर बिलं पसरून महिन्यावार लावली. मग एजंटचा ईमेल-मोबाइल काढून माझा लावून घ्यायला ती माझ्याबरोबर जीएसटी ऑफिसला आली. अधिकाऱ्यांनी तिलाच विचारलं, "यांचा धंदा काय?"

"सर, ताईंना विचारा ना. मालक त्या आहेत."

आधी मी नुसतं, गणवेश शिवतो, एवढंच म्हटलं. मग बॉयलर सूटची गोष्ट निघाली आणि मी सुटलेच. वेल्डिंगवाल्याच्या खिशाला झाकण का लागतं, ठिणगी आत कशी जाते, तिथे दुहेरी शिलाई का मारतो. अधिकारी पेन खाली ठेवून ऐकत होते. "बरं," म्हणाले, आणि कागदावर शिक्का मारला.

नवा पासवर्ड टाकताना त्या पोरीनं तोंड खिडकीकडे वळवलं. "मलासुद्धा सांगू नका," म्हणाली.

रिटर्न भरली. उशिराचा दंड बसला, तो टोचला. मध्ये एकदा अर्जावर प्रश्न आला, तिनं उत्तर धाडलं. एका दुपारी कॉलर लावत असताना माझ्या फोनवर मेसेज आला. इंग्रजी मला अर्धंच कळलं, म्हणून तिला फोन केला. ती हसत म्हणाली, "चालू झाला ताई!" सहाही मशीन थांबल्या. एक बाई तर टाळ्याच वाजवायला लागली.

माल वेळेत गेला. आता दर महिन्याला रिटर्न मी भरते, ती तपासते. गेल्या आठवड्यात जाऊ शेजारी खुर्ची ओढून बसली. "मलापण शिकव गो ते." ती सातवी शिकलेली, साठीला आलेली. कीबोर्डवर एक अक्षर सापडायला तिला वेळ लागतो. सापडलं की बोटानं असं ठासून दाबते, जसं काही बटणच बसवतेय.