सृष्टीच्या बोर्डावरची हवा

सृष्टी म्हणजे देवळ्याच्या कांदेवाल्या पुंजाराम आहेरांची पोर. लहानपणी घरातला टेबलफॅन उघडून बसली, तेव्हा बापाने आधी धपाटे घातले आणि फॅन चालू झाल्यावर गावभर मिरवलंही. आता ती नाशकात, अंबडच्या एका छोट्या कंपनीत उपग्रहांचे सर्किट बोर्ड करते. करते म्हणजे काय, तर आधी कॉम्प्युटरातच खोटा बोर्ड मांडायचा, त्यात खोटी वीज सोडायची आणि बघायचं, तापून मरतो की तगतो. याला सिम्युलेशन म्हणतात. खरा बोर्ड एकदा वर गेला की तिथे पाना-पकड घेऊन जाणार कोण!

अख्खा बोर्ड तिच्या एकटीवर सोपवलेला, तो पहिल्यांदाच. सकाळी तिने तिचं काम तपासणाऱ्या भारत सरांना सांगितलं, "सर, एकदम थंड राहतोय." सर खूश. संध्याकाळी तो बनवायला धाडायचं ठरलं.

दुपारी डबा खाताना आईचा, लंकाबाईचा, व्हिडिओ कॉल आला. पोरीने हौसेने फोन पडद्यासमोर धरला.

"ते निळे निळे बाण कसले गं?"

"हवा, आई. बोर्ड तापला की गरम हवा वर जाते, खालून गार येते."

"म्हंजे आपल्या कांद्याच्या चाळीवानी! खालून वारा लागला तर माल टिकतो, नायतर सडला."

"हो, अगदी तस्संच, वारा..."

हातातला घास तसाच धरून, आ वासून ती त्या बाणांकडे बघत राहिली.

"सृष्टे? फोन आडकला वाटतं. अगं, तोंड तरी मिट!"

फोन कुठला अडकायला! अडकली होती सृष्टी. वर अंतराळात वारा कुठून येणार? तिथे हवाच नाही. खोलीतल्या चाचणीसाठी तिने खोट्या बोर्डाभोवती हवा सोडलेली, ती काढायचीच राहिली. जन्मभर हवेत राहिलेल्या माणसाला हवा दिसते थोडीच!

हवा काढून तिने बोर्ड पुन्हा चालवला. मधली चिप पिवळी झाली, मग लालभडक. सृष्टी उठून सरांकडे धावली.

"सर, बोर्ड जळेल."

"सकाळी थंड होता ना?"

"हवेत थंड होता."

भारत सरांचं तोंड उतरलं. त्यांनी सकाळचं चित्र पुन्हा उघडलं. "ते बाण मीही बघितले होते गं," ते म्हणाले. "मला तर छान वाटले."

बोर्ड आज येणार नाही, असं बनवणाऱ्यांना फोन करून कळवलं. आता ज्यांचा उपग्रह, त्यांना सांगायचं होतं.

"मी बोलू?" सरांनी विचारलं.

"नको, सर. हवा मी ठेवली."

पलीकडच्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "हवा?"

"हो, मॅडम."

"अंतराळात?"

"हो, मॅडम. चिपखाली तांब्याची पट्टी घालून उष्णता उपग्रहाच्या सांगाड्यात उतरवते. पुन्हा चालवून दाखवते."

"दाखवा. या वेळी आम्ही समोर बसून बघणार."

फोन ठेवून तिने बोर्ड पुन्हा पडद्यावर उघडला. सरांनी खुर्ची शेजारी ओढली.

"चल, पट्टी कुठून नेतेस?"