गावच्या जावयापुढं दिलेला जबाब

सरकारी चौकशीत अडकलेला कुणीही शहरातल्या छावणी भागातल्या सत्यशीलाच्या ऑफिसात आला, की ती आधी त्याच्या तोंडाला कुलूप घालायची. अधिकारी गोड बोलेल, चहा पाजेल. आपण म्हणायचं, वकिलाला विचारून सांगतो. याच एका वाक्यावर तिची वकिली उभी राहिली. ज्यांनी ऐकलं ते सुटले. त्यातले बरेच सुटायच्या लायकीचे नव्हते, पण वकील तेवढं बघत बसली तर चूल कशी पेटायची?

मग पाळी आली सख्ख्या मामावर. आईवेगळ्या सत्यशीलाला पाचोडला कडूबामामानंच वाढवलं होतं. तो तिथल्या पतसंस्थेचा मॅनेजर. खोटी कर्जं चेअरमननं खाल्ली आणि समन्स आलं मामाला. चेअरमननं कागद पुढं केले, मी डोळे झाकून सह्या केल्या, एवढंच तो भाचीला म्हणाला. तिनं त्याला पुन्हापुन्हा पढवलं. मामा दरवेळी मान डोलवायचा.

पण आपल्याकडं दोन माणसं समोरासमोर बसली की पहिला प्रश्न ठरलेला, पाव्हणं कुठले? मामानं तो थेट चौकशी अधिकाऱ्यालाच विचारला. साहेब निघाले गावातल्या पुंजारामचे जावई. झालं! गावच्या जावयापुढं तोंड शिवून कसं बसायचं? मामानं सगळं सांगून टाकलं. कर्जं खोटी आहेत हे आपल्याला पहिल्यापासून माहीत होतं, हेसुद्धा. त्याच जबाबावर त्याला अटक झाली.

जबाब वाचून सत्यशीलाचं डोकं फिरलं. आता एकच वाट उरली होती, दमदाटी करून जबाब घेतला असं मामानं कोर्टात सांगायचं. आजवर कितीतरी अशिलांकडून तिनं हे वदवून घेतलं होतं, बहुतेकदा खोटंच.

काही तक्रार आहे का, असं न्यायाधीशांनी मामाला विचारलं. मामानं मागं बसलेल्या अधिकाऱ्याकडं पाहिलं.

"नाय साहेब. चहा पाजून ईचारलं. जावयावर आळ कसा घेऊ?"

मामाची रवानगी कोठडीत झाली. पोलिसांच्या गाडीपाशी सत्यशीला त्याच्यावर बरसलीच. जन्माची ओळख नसलेल्या माणसाला सांगितलं, मग मी कोण होते?

मामा खाली बघत राहिला. "तुला सांगायची लाज वाटली, बाई."

आजवर नाही नाही त्या लबाडांनी तिच्यापुढं बिनदिक्कत मन मोकळं केलं होतं. गाडी हलली तरी तिला गाडीची जाळी सोडवेना, आणि रस्त्यावरच ती हमसून रडली.