चौदा वर्षांचा जखमी

आमच्या आळीत भूकंप झाला की जखमी कोण, हे ठरलेलं असतं. हिकोइची तोदा, वय एक्याऐंशी, बायको फूमी वारल्यावर घरात एकटेच. दरवर्षी एक सप्टेंबरला भूकंपाचा सराव, आणि चौदा वर्षं स्ट्रेचरवर हेच. जन्मभर मासेमारीच्या बोटीवर रांधलं, कधी साधं पडसं झालं नाही, पण सरावात असे काही विव्हळतात की कुत्री भुंकायला लागतात. उचलणाऱ्यांना जड नको म्हणून आठवडाभर आधी भात कमी करतात. आदल्या दिवशी केस कापून येतात.

"अहो, जखमी माणूस असा नवरदेवासारखा दिसतो का?" मी एकदा विचारलं.

"चार माणसं हात लावणार, योशिए-सान. घामट कसं जायचं?"

यंदा आळीची प्रमुख मी. आणि यंदाच नगरपालिकेने जखमी म्हणून रबरी पुतळा पाठवला! कुबोता, आमचा तोफूवाला, स्ट्रेचरवाल्यांचा म्होरक्या. तो खूश. "हा निदान वाटेत सूचना तरी देणार नाही." हिकोइचींना सांगायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात. सांगितलं, तर म्हणाले, "बरं." नुसतं बरं! चार शब्द भांडले असते तर मी सुखाने घरी गेले असते.

नियम सोपा आहे. भोंगा वाजला की टेबलाखाली शिरायचं. मग सुखरूप असाल तर दाराला पिवळं फडकं बांधायचं, म्हणजे तपासणारे पुढे जातात. फडकं नसेल, तर आत शिरून माणूस बाहेर काढायचा. ओनो आजींनी तर कुणाला त्रास नको म्हणून भोंग्याआधीच बांधून टाकलं होतं. आळीभर फडकी फडफडत होती. हिकोइचींच्या दाराला काही नाही.

"रुसलेत," कुबोता म्हणाला. "चला पुढे."

"पुढे काय पुढे? नियम म्हणजे नियम," मी म्हटलं.

चौघांनी पुतळ्यासकट स्ट्रेचर घेऊन दारात तीनदा हाक मारली, "माफ करा, येऊ का?"

आतून खणखणीत आवाज आला, "मी बेशुद्ध आहे!"

मग चौघांनी बूट काढले. काढून टोकं दाराकडे करून ओळीने लावले.

"बूट काय काढता?" बेशुद्ध माणूस ओरडला. "काचा फुटल्यात सगळीकडे! घाला परत!"

घातले. पण समोर चटया! भूकंप झाला म्हणून काय दुसऱ्याच्या चटईवर बूट घालून चालायचं? कुबोताचा पाय उंबऱ्यावर अधांतरी राहिला. मलासुद्धा, खरं सांगते, "पुढे हो" म्हणवेना.

"मेलो मी!" आतून आवाज. "कोपऱ्यात वर्तमानपत्रांचा गठ्ठा आहे, पसरा!"

पसरली. कुबोता एक बातमी वाचत उभा राहिला, त्याला ढोसावं लागलं. हिकोइची कपाटाचं दार अंगावर घेऊन पडले होते, कडक इस्त्रीचा सदरा घालून. स्ट्रेचरवरचा पुतळा आम्ही दारातल्या कुंड्यांशेजारी बसवला आणि म्हाताऱ्याला उचललं.

"डावीकडून वर घ्या, डावीकडून!" मैदान येईपर्यंत हेच.

प्रथमोपचाराच्या तंबूत मी फॉर्म काढला. "कुठे लागलंय?"

"उजवी मांडी. शिवाय दोन फासळ्या."

मी भडकलेच. "खोटारडे! मुद्दाम नाही ना बांधलं फडकं? आणि आम्ही पुढे गेलो असतो तर? दिवसभर ते दार अंगावर घेऊन पडला असतात?"

"हो," ते तंबूच्या छताकडे बघत म्हणाले. "तेच बघायचं होतं. फूमी गेल्यापासून रोज वाटतं, खरंच पडलो तर कुणी येईल का."

मी तोंडाशी आलेल्या शिव्या गिळल्या आणि फॉर्मवर मुकाट्याने मांडी लिहिली, फासळ्या लिहिल्या. कुबोताचे कान लालबुंद झाले होते.

"हिकोइची-सान," तो म्हणाला, "उद्यापासून सकाळी तोफू घेऊन मीच येणार. हाक मारून ओ आली नाही, तर दार फोडीन. आधीच सांगून ठेवतो."

हिकोइचींनी सदऱ्याची कॉलर सरळ केली.

"जरा बेताने फोड," ते म्हणाले. "काच नवी आहे."