तुमच्या नावाची घागर

माणसाला नावाने हाक मारली की तो काहीही विकत घेतो, यावर माझ्या साडूंइतका आंधळा विश्वास असलेला माणूस साऱ्या खानदेशात दुसरा नसेल. अमळनेरला त्यांचं भांड्यांचं दुकान होतं. मी धुळ्यातला शाळामास्तर, त्यामुळे धंद्यातलं मला काही कळत नाही, हे त्यांनी माझ्या लग्नातच जाहीर करून टाकलं होतं. पुढे दुकानासमोर एक मोठं चकचकीत शोरूम उघडलं, साडूंकडे माश्याही येईनाशा झाल्या, आणि पुण्याच्या मुलाने बजावलं, "पप्पा, आखाजीपर्यंत गिऱ्हाईक वळलं तर ठीक, नाहीतर जागा मोबाईलवाल्याला देऊन तुम्ही इकडे या." आखाजी म्हणजे आमची अक्षय्य तृतीया. पुण्याला जाणं म्हणजे जिवंतपणी फोटोत जाऊन बसणं, असं साडूंचं मत होतं. तेव्हा दुकान वाचवायला त्यांनी कुठून तरी ते टूल शोधून काढलं.

टूल म्हणजे कॉम्प्युटरवर एक पांढरं अंगण. त्यात माऊसने चौकोन ओढून आणायचे आणि बाणांनी एकमेकांना जोडायचे. पहिल्या चौकोनात जाकीट घातलेल्या साडूंचा जाहिरातीचा व्हिडिओ, त्यात ज्याला पाठवायचा त्याचं नाव आपोआप बसणार. पुढे प्रश्नाचा चौकोन: पाहिला का? पाहिला असेल तर दोन दिवसांनी लाडीगोडीचा व्हिडिओ, नसेल तर तीन दिवसांनी रुसव्याचा. आणि माणूस दुकानात आला की शेवटचा चौकोन, 'पाठवणं बंद'. साडू सकाळी अंघोळ करून पापड वाळत घालावेत तसे हे चौकोन मांडत बसायचे. समोर खरंखुरं गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं, तर "थांबा जरा, तुमच्यासाठीच चाललंय" म्हणून त्याला हातानेच गप्प करायचे. एक बाई कुकरची शिटी मागत अर्धा तास ताटकळल्या आणि शेवटी समोरच्या शोरूममध्ये गेल्या. साडूंनी शांतपणे त्यांचं नाव रुसव्याच्या चौकोनात टाकलं.

नावं कॉम्प्युटरच्या आवाजातही मिळत होती, पण तो हाक मारतो की कोर्टात पुकारा करतो तेच कळत नाही, अशी साडूंची तक्रार. मग त्यांनी सगळी नावं स्वतःच्या आवाजात भरायला घेतली. भांड्यांवर नावं टाकून द्यायची त्यांच्याकडे जुनी पद्धत, त्याची वही होतीच. ती पुढ्यात घेऊन दोन महिने दुकानातून "रामदास नाना", "सुमन अक्का" अशा हाका चालल्या होत्या. रस्त्याने जाणारे एखादे रामदास नाना दचकून आत डोकवायचे, तेव्हा साडू त्यांना "तुम्ही नाही, दुसरे" म्हणून परत पाठवायचे. गिऱ्हाईक परत पाठवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता.

हे खूळ घरातही शिरलं. एकदा मला भरीत खायला बोलवायचं होतं, तर त्याचीही मालिका आली. मी पहिला व्हिडिओ उघडला नाही. तिसऱ्या दिवशी जाकिटातले साडू मान तिरकी करून विचारत होते, "सर, आपण आमच्यावर रागावलात का?" मी फोन केला, "भाऊ, सरळ फोन करायचा ना." तर म्हणाले, "फोनला बाण कुठून काढू, सर?" भरीत उत्तम झालं होतं, हे मात्र मान्य केलं पाहिजे.

मग आखाजी आली. आमच्याकडे आखाजीला घरोघरी आपल्या वारलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागर भरतात, हे खानदेशातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. साडूंना तांब्याच्या घागरी खपवायच्या होत्या. दिवाळीला त्यांनी मोजक्या गिऱ्हाइकांसाठी 'तुमच्या नावाचा डबा तयार आहे' अशी मालिका केली होती. नवीन करायचा कंटाळा, म्हणून त्यांनी डब्याच्या जागी तेवढी घागर ओढून आणली आणि पाठवून दिली. हातीपायी धडधाकट माणसांच्या फोनवर साडू हसतमुखाने सांगू लागले, "नाना, तुमच्या नावाची घागर तयार आहे. येताय ना?" चोपड्याकडचे एक आबा मोटारसायकल काढून थेट दुकानात आले आणि काउंटरवर हात आपटून म्हणाले, "मी आजून जित्ता शे. दख मन्हाकडे." साडू त्यांना म्हणाले, "आबा, पण दुकानात आलात ना?"

त्याहून मोठा घोळ पुढेच होता. वर्षश्राद्धाला वाटायच्या भांड्यांवर गेलेल्या माणसाचं नाव टाकतात. वहीत अशा नावांपुढे वेगळ्या रकान्यात 'स्मरणार्थ' लिहिलेलं होतं, पण टूलमध्ये त्या रकान्याला चौकोन नव्हता. त्यामुळे जे खरोखर गेलेले, त्यांच्या घरीही साडूंनी त्यांना नावाने हाक मारून निमंत्रण दिलं होतं. हे त्यांना कळलं तेव्हा ते वही उघडून 'स्मरणार्थ'ची नावं मोजत बसले. शाळेला सुटी होती आणि मी तर मजा बघायलाच अमळनेरला गेलो होतो.

आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी एक म्हातारी बाई दुकानाची पायरी चढली. हातात मोबाईल, डोक्यावरून पदर. आता हीसुद्धा चार शब्द सुनावणार, म्हणून साडू उभेच राहिले. ती म्हणाली, "तुम्ही यास्ले बलायं. ह्या त आते नहीत. म्हनीसन मी उनू." नवरा राहिला नव्हता, म्हणून त्याच्या निमंत्रणाला ती आली होती. ती घागरींकडे बघू लागली. साडूंनी मुकाट्याने एक घागर काढली, नाव कोरायचं मशीन हातात घेतलं आणि सवयीने विचारलं, "अक्का, नाव काय टाकायचं?" बाईने जन्मात कधी नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं, ते आता दुकानात परक्या माणसांसमोर कसं घेणार? तिने मोबाईल पुढे धरला आणि व्हिडिओ लावला. साडूंच्याच आवाजात हाक आली, "दौलत नाना."

साडूंनी मान खाली घालून नाव कोरलं. मलाही मान वर करवली नाही. जाताना ती म्हणाली, "घरमा यासनं नाव आते कोनी लेत नही. हाई बंद नका करज्यात."

ती गेल्यावर मी म्हटलं, "भाऊ, आता तरी हे सगळं आवरा." ते म्हणाले, "सर, ती दुकानात आली. आता तिचं आपोआप बंद होईल." मग त्यांनी माऊस घेतला, बाकीचे सगळे चौकोन पुसले आणि त्या एका नावाचा बाण 'पाठवणं बंद'वरून उचलला. मध्ये 'एक वर्ष थांबा' असा चौकोन ठेवून तो पहिल्या व्हिडिओला नेऊन जोडला.

दुकान काही वाचलं नाही. तिथे आता मोबाईलची कव्हरं मिळतात आणि साडू पुण्यात मुलाच्या फ्लॅटमध्ये असतात. यंदा आखाजीला मी त्यांच्याकडे होतो. सकाळपासून ते लॅपटॉप उघडून बसले होते. व्हिडिओतून दुकानाचा पत्ता त्यांनी काढून टाकलाय, फक्त हाक आणि घागर ठेवलीय. दर थोड्या वेळाने मला विचारत होते, "बरी असेल ना हो ती?" त्या नावापुढे 'पाहिला' असं यायला दुपार झाली. तोवर साडू जेवले नाहीत, आणि खरं सांगायचं तर मीही नाही.