नाव न घेतलेली प्रार्थना

माझा जोडीदार बनून माझ्या मागे बसलेल्या कोणीतरी मला फसवलं. माझ्याकडची वस्तू मला न विचारता दुसऱ्याला देऊन टाकली. सरळ सांगतोय, गोल गोल बोलायची मला सवय नाही.

भूत, भानामती, अंगात येणं... यातलं मी कधीच काही मानलं नाही. देव मानतो. इतका मानतो की ऐन विशीत मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचा मिशनरी होऊन जपानला आलो. त्याआधी फलटणच्या बाजारात आईबरोबर मसाल्याचा ठेला लावायचो. शाळा अर्धवट, पण नाक पक्कं. डोळे बांधून मिरची ओळखायचो — ब्याडगी की संकेश्वरी, यंदाची की गेल्या सालची. मला फसवायला आलेले व्यापारी तोंड पाडून परत जायचे. मिशनचा खर्च मी त्याच नाकाच्या जोरावर उभा केला.

तोक्योत कोतो भागात नेमणूक झाली. पांढरा शर्ट, छातीवर माझं आणि येशूचं नाव लिहिलेली काळी पट्टी, सायकल. सकाळी शास्त्रवाचन, मग दारोदार. सगळ्यात कडक नियम म्हणजे मिशनरीने एकटं फिरायचं नाही; जोडीदार कायम नजरेच्या टप्प्यात हवा. माझा जोडीदार मोरी, होक्काइदोचा, शांत माणूस.

त्या सकाळी आमचं वाजलं. आदल्या दिवशी मी भाजीवाल्याशी मुळ्यावरून वाद घातला होता.

"साळवे, इथे कोणी भाव करत नाही. छातीवर येशूचं नाव लावून मुळ्यासाठी भांडतोस?"

"मुळा पोकळ होता!"

"देवाशीसुद्धा घासाघीस करशील तू."

डोकं सटकलं. बूट चढवले आणि खाली आलो. मागून "थांब, येतो" असं ऐकू आलं. थांबलो नाही. पण थोड्याच वेळात मागे त्याच्या सायकलचा सैल मडगार्ड खडखडायला लागला. आला एकदाचा! रागात मी मान वळवली नाही.

कालव्याकाठच्या जुन्या वसाहतीत सातो-सान नावाच्या आजींनी दार उघडलं. घरात घालायच्या सपातांचे दोन जोड मांडले, गार बार्लीच्या चहाचे दोन ग्लास आणले. तो माझ्या मागे भिंतीशी बसला; मी तेव्हाही वळून पाहिलं नाही. नवरा गेल्यापासून आजींना कसलाच वास येत नव्हता. रोज त्याच्या फोटोपुढे त्याच्या आवडीची उदबत्ती लावायच्या.

"जळते आहे की विझली, तेच कळत नाही हो," त्या म्हणाल्या. "त्यांना वाटत असेल, ही मला विसरली."

माझ्या मागून प्रार्थना सुरू झाली. मोरीचाच आवाज. माझं जपानी कच्चं होतं, तरी एवढं कळलं — "ज्याच्याकडे भरपूर आहे, त्याच्याकडचं काढून हिला दे." मग तो थांबला. मी सवयीने म्हणालो, "आमेन."

आमच्यात प्रत्येक प्रार्थना येशू ख्रिस्ताच्या नावाने संपते. आधी नाव, मग आमेन. ते नाव आलंच नव्हतं. तराजू तपासल्याशिवाय माल न उचलणारा मी, न वाचता अंगठा उठवून बसलो होतो.

आजींनी मान वर केली. "चंदन..." एवढंच म्हणाल्या आणि तोंड झाकून रडायला लागल्या. माझेही डोळे भरले. वाटलं, ज्यासाठी घर सोडलं ते हेच.

परतताना मडगार्ड मागे खडखडत होता. आमच्या इमारतीच्या कोपऱ्यावर तो आवाज थांबला. वर गेलो तर मोरी पांघरुणात, तापाने फणफणलेला.

"एकटा कुठे गेला होतास? मी उठलो तर चक्कर येऊन पडलो."

त्याची सायकल खाली कुलपात होती. पुढच्या चाकात हवासुद्धा नव्हती.

त्याने कपाळावर बाम थापला होता. मी जवळ वाकलो. काही नाही. आईने दिलेल्या कांदा-लसूण मसाल्याची बरणी उघडून नाक आत घातलं. काहीच नाही!

कोरोना म्हणाल. तपासणी केली, नव्हता. नाकाचे डॉक्टर झाले, मेंदूचं स्कॅन झालं. सगळं ठीक आहे म्हणे.

मोरी बरा झाल्यावर आम्ही दोघे आजींकडे गेलो. त्यांनी मोरीला वाकून "आपली पहिलीच भेट" असं म्हटलं. मग सपातांचे तीन जोड मांडले आणि आमच्या खांद्यावरून बाहेर बघत विचारलं, "ते येतायत ना मागून? त्या दिवशीचे?"

मोरीने माझ्याकडे पाहिलं. जिन्यात कोणी नव्हतं.

मिशन पूर्ण केलं. दुसऱ्यासाठी मागायला मी तिथेच शिकलो, ते नाकारत नाही. आज कोतोमध्येच माझं भारतीय किराण्याचं दुकान आहे. नवं पोतं उघडलं की बायकोला हाक मारतो, "अगं, जिरं जुनं आहे का बघ."

"नाक माझं आणि पाटीवर नाव तुमचं!" ती म्हणते. मी हसतो. काय करणार?

आजींना मिळालं याचं दुःख नाही. मला विचारलं असतं तर घासाघीस केली असती, पण निम्मं तरी दिलंच असतं. विचारलं नाही. कोणाच्या नावाने नेलं, तेही सांगितलं नाही. म्हणून देवाला रोज एकच विचारतो — तू होतास? तसं असेल तर सांग, विषय संपला. आणि तू नव्हतास, तर माझ्या मागे बसून मोरीच्या आवाजात बोललं कोण? मला नाव हवंय. ते कळेपर्यंत मी कोणाच्याही प्रार्थनेला आमेन म्हणणार नाही.